मधली खुंटी

किटलीच्या चोचीतून वाफ जोरात यायला लागली, तशी गुरुप्रसादने अलीमियाँची हॅट दोन्ही हातांनी उचलली आणि वाफेवर धरली. राखाडी फेल्ट ओलसर झालं, जरा काळवंडलं. भाकरी तव्यावर फिरवावी तशी तो ती सावकाश फिरवत राहिला.

"चाय करतास की हॅट उकडतास?" मागल्या दारातून भक्तीने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"वाफ देतंय तिका."

"तेच ता. साखर किती घालू?"

एरवी तो हसला असता. आज हसला नाही. या एका हॅटवर हात चालवायला मिळावा म्हणून त्याने वीस वर्षं वाट बघितली होती, आणि देवपूजेला बसलेल्या माणसाला थट्टा चालत नाही तसं त्याचं झालं होतं.

मालवणच्या एसटी आगारात गुरुप्रसादने चौतीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्या. रेक्झिन, काथ्या, दाभण आणि मेणाचा दोरा यांत त्याचा जन्म गेला. बिडी-तंबाखूचं व्यसन नव्हतं. नाद होता तो जुन्या हॅटींचा. कुणाचा आजा मुंबईत साहेबाच्या कचेरीत असायचा, कुणाचा काका बोटीवर. माणूस गेला की त्याची हॅट माळ्यावर जायची आणि तिथे तिला कसर लागायची. गुरुप्रसाद वास काढत तिथे पोचायचा. वेंगुर्ल्याच्या डिसोजांची काळी, कुणकेश्वरकडच्या एका खोताची खाकी, कुडाळच्या भंगारवाल्याकडे पत्र्याच्या पेटीत निघालेली तपकिरी, अशा करत चोवीस झाल्या होत्या. प्रत्येकीला तो मूळ मालकाच्या नावाने ओळखायचा. घरी आणली की ब्रशने झाडायची, आतली घामाने कुजलेली कातडी पट्टी उसवून नवी लावायची, फीत बदलायची आणि वाफ देऊन आकार सरळ करायचा. ओली वाफ लागली की फेल्ट मऊ पडतं, बोटं दाबावीत तसं बसतं, आणि एकदा सुकलं की ती घडी सोडत नाही. या कामात त्याचा हात धरणारा सबंध जिल्ह्यात कोणी नव्हता. तसा दुसरा कोणी हे काम करणाराही नव्हता, पण ते भक्तीने बोलून दाखवल्याशिवाय त्याच्या लक्षात यायचं नाही.

आणि तो त्या नुसत्या जमवायचा नाही, घालायचाही. कुडाळच्या आठवडी बाजारात दर खेपेला वेगळी. कोकणातल्या उन्हात फेल्टच्या हॅटखाली डोक्याचं काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक, पण गुरुप्रसाद घाम पुशीत, कॉलर ताठ ठेवून वांगी निवडायचा. "साहेब इले गो, भाव वाढवा!" असं मासेवाल्या ओरडल्या की तो हॅट किंचित उचलून त्यांना मान द्यायचा. आंगणेवाडीच्या जत्रेत तर एकदा मुंबईकरांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले होते. ते त्याने पुढे वर्षभर सांगितलं.

मसुऱ्याच्या घरात पुढच्या खोलीच्या भिंतीवर त्याने पंचवीस खुंट्या ठोकल्या होत्या. पाच रांगा, एकेका रांगेत पाच. चोवीस भरलेल्या. बरोबर मधली रिकामी.

ती अलीमियाँच्या हॅटसाठी होती.

अलीमियाँ सव्वीस वर्षं बोटीवर होते. ही हॅट त्यांनी तरुणपणी इटलीतल्या एका बंदरात घेतली होती, पहिल्या पगाराच्या बऱ्याचशा पैशांत. तेव्हापासून ती त्यांच्या डोक्यावरून उतरली नाही. बोटीवरून कायमचे घरी आल्यावर ते रोज मालवणच्या बंदरावर चहाच्या टपरीत बसायचे, आणि आगारातून सुटलेला गुरुप्रसाद तिथे त्यांना गाठायचा.

"अलीभाई, तीन हॅटी देतंय. ही एक देवा."

"तुझ्याकडे चोवीस हॅटी आसत रे, पण तेंच्यात डोक्या एकय नाय," चहा बशीत ओतत अलीमियाँ म्हणायचे. "माझी डोक्यार आसा. ऱ्हवांदे तशी."

नमाजाची वेळ झाली की दोघे मशिदीपर्यंत चालत जायचे. पायरीवर अलीमियाँ हॅट काढायचे. आत, हॅटच्या उभ्या टोपाच्या पोकळीत, पांढऱ्या जाळीची टोपी चौघडी करून ठेवलेली असायची. ती डोक्याला चढवून ते हॅट गुरुप्रसादच्या हातात द्यायचे. "धर. घालू नको हां." आणि गुरुप्रसाद समोरच्या कट्ट्यावर हॅट मांडीवर घेऊन बसायचा. इतक्या वर्षांत एकदाच त्याने ती घालून पाहिली होती. अलीमियाँ बाहेर आले, हॅट हातात घेतली आणि म्हणाले, "घातलंस मां? बोट लागला तुझा. कळता माका."

जूनमध्ये, पाऊस अंगावर आलेला असताना, अलीमियाँ झोपेत गेले. मुलगा तौकीर बापासारखाच बोटीवर. बोट ब्राझीलच्या वाटेवर, भर समुद्रात. त्याला मातीला येता आलं नाही. चार महिने झाले, आता तो सुटीवर येत होता.

सोमवारी अलीमियाँच्या बायकोने, सलीमाभाभीने, गुरुप्रसादला बोलावून घेतलं. हॅट दाराजवळच्या खुंटीला तशीच होती. सबंध पावसाळा तिने तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. पण मालवणचा पावसाळा माणसाचं ऐकत नाही. फेल्टवर पांढऱ्या बुरशीचे ठिपके उठले होते.

"नुसती बुरशी काडा, गुरुभाऊ," ती म्हणाली. "दुसरा काय करू नकात. तौकीर येता गुरुवारी. फोनार तीन वेळा इचारल्यान माका, अब्बाची हॅट आसा मां, म्हणून."

"भाभी, तुमी काळजीच करू नकात," गुरुप्रसाद म्हणाला होता.

बुरशी अर्ध्या तासात निघाली. मऊ ब्रश आणि थोडंसं ऊन, एवढंच तिला लागलं. काम तिथे संपलं होतं. हॅट पिशवीत घालून तो त्याच दिवशी परत देऊन आला असता तर ही गोष्ट सांगण्याचं कारण नव्हतं.

पण हॅट पहिल्यांदाच त्याच्या घरात, त्याच्या मेजावर होती, आणि तिची सगळी व्यंगं त्याच्या कारागिराच्या डोळ्यांत सलू लागली. आतली पट्टी घामाने काळी पडून चिरली होती. फितीचे दोरे सुटले होते. आणि टोपाला पुढे चिमटा घेतल्यासारखी असते ती घडी तर पार वाकडी. पुढच्या बाजूला एकीकडे खोल खड्डा, आणि दुसरीकडे, जिथे त्याचा जोडीदार असायला हवा, तिथे काहीच नाही. तो कुठेतरी मागे, कानाच्या बाजूला, उथळसा. कुणी हॅटवर बसून उठावं तशी दिसत होती. पोर एवढ्या लांबून येणार, बापाची एकच वस्तू मागणार, आणि ती अशी बघणार? असं गुरुप्रसादने स्वतःला सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण आणखी एक गोष्ट होती, ती त्याने स्वतःलाही मोठ्याने सांगितली नाही. तौकीरचा जन्म बोटीवर जाणार, हॅट घालणार कोण? आज ना उद्या ती मधल्या खुंटीवर येणारच. मग आताच नीट केली तर काय बिघडलं?

आतली जाळीची टोपी मात्र त्याने दोन बोटांनी अलगद उचलून बाजूला ठेवली.

"तीय द्या, धुवन काडतंय," भक्ती म्हणाली. "कशी पिवळी पडली हा बघा."

"नको. ती तेंच्या नमाजाची. आपण हात लावूक नको." त्याने कपाटातून कोरा कागद काढला, टोपी होती त्या घडीत कागदात गुंडाळली आणि पुडी फळीवर ठेवली.

मग त्याने किटली चढवली. वाफेने वाकडे खड्डे हळूहळू भरून आले आणि टोप गोल, गुळगुळीत वर आला. त्याने अंगठा एका बाजूला आणि तर्जनी, मधलं बोट दुसऱ्या बाजूला लावून नेमकी घडी घातली. जिथे असायला हवी तिथे, दोन्हीकडे सारखी. नवी पट्टी दाभणाने बारीक टाक्यांत शिवली, राखाडी फीत लावली. बुधवारी संध्याकाळी हॅट सुकली तेव्हा ती दुकानातून आत्ताच आणल्यासारखी दिसत होती. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं काम होतं. भक्तीलाही तसं म्हणावं लागलं.

शुक्रवारी दुपारी खोक्यात हॅट आणि खिशात पुडी घेऊन तो स्कूटरवर मालवणला गेला.

सलीमाभाभी स्वयंपाकघरात होती. घरभर तांदळाच्या सांदणांचा वास होता. मुलासाठी पहाटेपासून वाफवणं चाललं होतं. तिने पदराला हात पुसले आणि खोक्यातून हॅट बाहेर काढली. गुरुप्रसाद तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. कौतुक ऐकायला आलेल्या माणसासारखाच, कशाला खोटं बोला.

तिने आधी हॅटकडे बघितलं नाही. तिचा उजवा हात आपोआप टोपावर गेला. अंगठा पुढच्या बाजूला एका जागी जाऊन टेकला आणि थांबला. जरा वर सरकला. परत खाली आला. मग तिने हॅट फिरवली आणि दुसऱ्या बाजूने चाचपून पाहिली.

"बरी झाली," ती म्हणाली.

तेवढ्यात तौकीर आतून आला. जुम्याच्या नमाजाला जायचं म्हणून नुकतीच आंघोळ झालेली, केस ओले. त्याने गुरुप्रसादला मिठी मारली. "काका," एवढंच म्हणाला. आईच्या हातातून त्याने हॅट घेतली. त्याचा अंगठाही त्याच जागी गेला.

"अम्मा, ही दुसरी काय गो?"

"तीच ती. गुरुभाऊनी साफ केल्यानी."

"हयसर खड्डो होतो ना?" त्याने हॅट उजेडाकडे धरली. "अब्बाच्या अंगठ्याचो. आणि हय मागे धाकल्या बोटांचो. ते घराक इले की हॅट माझ्याकडे देयत, खुंटीर लावूक. लहान असताना माझी अख्खी मूठ मावायची थंय."

"वाफेन गेलो असतलो," सलीमाभाभी म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने फक्त डोळे दुसरीकडे वळवले.

गुरुप्रसाद तौकीरच्या अंगठ्याकडे बघत राहिला. अलीमियाँच्या उजव्या हाताला अंगठ्याखेरीज दोनच बोटं होती, अनामिका आणि करंगळी. तर्जनी आणि मधलं बोट तरुणपणीच बोटीवरच्या दोरखंड ओढणाऱ्या यंत्रात गेली होती. ते हॅट काढायचे ते अंगठ्याने आणि या उरलेल्या दोन बोटांनी. पन्नास वर्षं, दिवसातून पाच वेळा, त्याच पकडीने. ती घडी वाकडी नव्हती. तो त्यांचा हात होता. आणि हे गुरुप्रसादला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच हातातून त्याने हजारदा चहाचा पेला घेतला होता, मशिदीच्या पायरीवर त्याच हातातून ही हॅट घेतली होती. सगळं बघितलं होतं. मेजावर हॅट आली तेव्हा मात्र त्याला फक्त एक बिघडलेली हॅट दिसली.

"तौकीर, माझी चूक झाली रे," तो म्हणाला. "भाभीनी सांगलेला माका, दुसरा काय करू नको म्हणून."

"नाय ओ काका. बरी दिसता. नवी दिसता अगदी." तौकीरने हॅट अदबीने बाजेवर ठेवली, पाहुण्याची वस्तू ठेवावी तशी.

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काहीतरी करायला हवं म्हणून गुरुप्रसादने खिशातली पुडी काढली. "ही आत होती. हिका मी हात लावूक नाय."

सलीमाभाभीने कागद उलगडला. जाळीची टोपी, पिवळट पडलेली, चौघडी केलेली, घडीच्या कडेला तेलाचा डाग. तिने ती उलगडली नाही. तशीच नाकाशी नेली. आणि चार महिन्यांत जी बाई परक्यांसमोर एकदाही रडली नव्हती, ती दाराच्या चौकटीला टेकून रडायला लागली. खोबरेल तेल आणि मशिदीबाहेर मिळणारं ते स्वस्तातलं अत्तर. दोन पावलांवर उभ्या असलेल्या गुरुप्रसादलाही तो वास आला.

"तौकीर," ती म्हणाली, "ह्या बघ. अब्बा."

तौकीरने टोपी दोन्ही हातांत घेतली, तोंडाशी धरली. बाहेर अजान सुरू झाली. त्याने टोपी उलगडून डोक्याला घातली. जरा घट्ट झाली. मग चपला घालून तो बाहेर पडला.

घरात दोघेच उरले. सलीमाभाभीने डोळे पुसले, आत गेली, बशीत दोन सांदणं आणून त्याच्यापुढे ठेवली. ती त्याला खावीच लागली.

"गुरुभाऊ," ती म्हणाली, "हॅट तुमी न्हेवा."

"नको भाभी."

"न्हेवा. तुमका पयल्यापासून होयी होती. ते सांगीत माका, गुरू आज पण मागी होतो म्हणून. हसत मगे दोघांय आमी."

"भाभी, मी परत करून बघतंय. वाफ देवन, तशीच—"

"कोणाच्या हातान करशात?"

तिने हे साधं विचारलं होतं, टोचून नव्हे. त्याने रिकामी बशी खाली ठेवली.

"हयसर टांगून मी काय करू आता तिचा?" ती म्हणाली. "तुमच्याकडे बरी ऱ्हवात. माका टोपी पुरे."

तो उठला. बाजेवरून हॅट उचलायला त्याने हात घातला, आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्ही बरोबर आपापल्या जागी जाऊन बसली. जराही चाचपावं लागलं नाही. त्याने हात पटकन काढून घेतला आणि हॅट दोन्ही तळव्यांनी काठाला धरून खोक्यात ठेवली.

घराकडे जाताना वाटेत बंदरावरची टपरी लागली. खोकं बघून टपरीवाला बाळा ओरडला, "काय रे गुरू, गावली काय शेवटी?"

"गावली," तो म्हणाला. स्कूटर त्याने थांबवली नाही.

मसुऱ्याला पोचला तेव्हा भक्ती ताटं घेत होती. खोकं परत आलेलं बघून तिला आनंद झाला. "दिली त्येंनी? बरा झाला बाय. वीस वर्सां नुसते त्या खुंटयेकडे बघी होतास." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मगे तोंड कित्या असा?"

"काय नाय."

त्याने हॅट मधल्या खुंटीला लावली आणि समोरच्या खुर्चीत बसला. पाच रांगा पुऱ्या झाल्या होत्या. काळी, खाकी, तपकिरी, राखाडी. सगळ्या ताठ, स्वच्छ, सगळ्यांच्या घड्या एकसारख्या सरळ. वेंगुर्ल्याच्या डिसोजांची काळी घरी आणली तेव्हा तिची घडी कशी होती, ते तो आठवू लागला. डिसोजांच्या म्हाताऱ्या लेकीने ती देताना टोपावरून एकदा हात फिरवला होता, तेवढं आठवलं. घडी आठवेना. खोताच्या खाकीची आठवेना. ती वाईट होती आणि आपण ती सुधारली, एवढंच आठवत होतं. चोवीस वेळा.

भक्ती हात पुसत बाहेर आली आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"ह्यातली अलीभाईंची खंयची ओ?"

"मधली."

तिने मान वाकडी करून एकदा सगळी भिंत बघितली.

"माका तर सगळ्यो एकाच माणसाच्यो दिसतत," ती म्हणाली, आणि भात वाढायला आत गेली.